ॲप कोणाच्या फोनमध्ये आहे?

आज सकाळपासून इंटरनेटला जोडलेल्या किती वस्तूंशी तुमची गाठ पडली, मोजा बघू. फोन आणि लॅपटॉप सोडून! रात्री किती तास झोपलात याचा हिशेब देणारा मनगटावरचा बँड, सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, घरचा टीव्ही... आणि कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहाचे पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारा साऊंडबॉक्ससुद्धा. आत सिमकार्ड असलेला तो डबाही नेटवर्कवरच असतो. टपरीवाल्या काकांना ‘तुम्ही इंटरनेट ऑफ थिंग्ज वापरता का?’ असं विचारलंत, तर ते म्हणतील, ‘चहा घे आणि निघ.’

हे भारदस्त नाव केव्हिन ॲश्टनने १९९९ मध्ये दिलं. पण उद्योग त्याआधीचा आहे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पोरांनी कोकचं मशीन नेटवर्कला जोडलं होतं. कारण काय, तर मशीनपर्यंत चालत जायचं आणि ते रिकामं निघायचं, नाहीतर बाटली कोमट! थोडक्यात, सुरुवात कॉलेजी आळसातूनच झाली.

आज मात्र याच तंत्राचा खरोखरचा उपयोग होतोय. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मोबाइल स्टार्टर माहीत असेल. थ्री फेज लाइट रात्री येणार म्हटलं की बॅटरी घेऊन, साप-विंचवाची धास्ती घेत विहिरीवर जावं लागायचं. आता घरातूनच मोटर सुरू करता येते. नाशिककडच्या काही द्राक्षबागांमध्ये पानांवरचा ओलावा आणि हवेतली आर्द्रता मोजणारी यंत्रं बसली आहेत. डाऊनीचा धोका कधी वाढतोय ते फोनवर कळतं आणि अंदाजपंचे फवारण्या टाळता येतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वस्तू शेतकऱ्याची, ॲप त्याच्याच फोनमध्ये आणि नजर आहे ती मोटरवर, पानावर. गडबड सुरू होते ती बघणारा एक आणि बघितला जाणारा दुसरा असतो तेव्हा.

पीजीच्या पॅसेजमध्ये कॅमेरा लागतो तेव्हा ‘मुलींच्या सुरक्षेसाठी’ असं सांगितलं जातं. ॲप असतं मालकांच्या फोनमध्ये. मग रात्री साडेनऊला कोण आलं, सोडायला कोण होतं, याचा रिपोर्ट घरी जातो. चोर वर्षभरात एकदाही येत नाही, कॅमेरा मात्र रोज कामाला लागलेला असतो. शहरात शिकायला गेलेल्या मुलाला घरून बाइक मिळते, मुलीला लोकेशन शेअरिंग. आई-बाबांची काळजी खोटी नसते, हे मान्य. पण काळजीत ‘पोहोचलीस का गं?’ असं विचारता येतं आणि तिला उत्तर देता येतं. ठिपका बघत बसलं की विचारायची गरजच उरत नाही.

आता जरा आपल्याकडे बघू. पीजीवर चिडणारे आपणच गावी एकट्या राहणाऱ्या आजीच्या हॉलमध्ये कॅमेरा लावून येतो. ‘आजी पडली-बिडली तर कळायला हवं ना!’ अगदी बरोबर. पण आजीला विचारलं होतं का? कोण, कधी बघतंय हे तिला कळतं का? बंद कसा करायचा ते तिला शिकवलं का? दुपारी पंख्याखाली मोकळेपणी लवंडायची तिची सवय त्या कॅमेऱ्यामुळे मोडली असेल, तर ती स्वतःच्याच घरात पाहुणी झाली.

‘कायदा आहे की!’ असं कुणी म्हणेल. आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे आजीच्या हॉलचे नियम घरच्यांनाच ठरवावे लागणार. आणि घरात या गोष्टींमधलं सगळ्यात जास्त कळतं ते तुम्हाला. वायफायचा पासवर्ड विसरला की हाक तुम्हालाच येते ना?

मग सुरुवात कंपनीने दिलेला पासवर्ड बदलण्यापासून करा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने असे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास लोळवल्या. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले, त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नसेल.

त्यानंतरचं काम जरा अवघड आहे. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आजीशेजारी बसून ते ॲप उघडा. तिचा हॉल तुमच्या फोनवर कसा दिसतो, ते तिला दाखवा आणि विचारा, ‘ठेवू की काढू?’ ती म्हणाली ठेव, तर बंद करायचं बटण तिला शिकवा. म्हणाली काढ, तर वाद न घालता काढा आणि रोज एक फोन करा.

एवढं केलंत, की पीजीच्या काकूंशी खुशाल भांडा. तेव्हा तुमची बाजू भक्कम असेल.