स्वस्तातला पेन ड्राइव्ह पडतो महागात

बिबवेवाडी - परीक्षा आणि सबमिशनचा हंगाम आला, की अप्पर इंदिरानगर परिसरातील झेरॉक्सच्या दुकानांत विद्यार्थ्यांची गर्दी होते. विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी अभियांत्रिकीची मोठी संस्था याच भागात असल्याने प्रोजेक्ट रिपोर्ट आणि प्रिंटआउट यांचा राबता येथे बारमाही असतो. ई-मेल, गुगल ड्राइव्ह आणि व्हॉट्सअॅप हाताशी असूनही खिशातला पेन ड्राइव्ह अद्याप हद्दपार झालेला नाही. मात्र, तो विकत घेताना ग्राहक दोनच प्रश्न विचारतात : ‘किती जीबीचा?’ आणि ‘कितीला?’ ऐन सबमिशनच्या दिवशी फाइल उघडत नाही, तेव्हा न विचारलेले तिसरे आणि चौथे प्रश्न आठवतात.

तिसरा प्रश्न वेगाचा. सन २००० च्या सुमारास आयबीएमने बाजारात आणलेल्या पेन ड्राइव्हची क्षमता अवघी ८ एमबी होती. तेव्हा वेगाची चिंता करण्याचे कारणच नव्हते. आज ६४ जीबीचा ड्राइव्ह शाळकरी मुलांच्या दप्तरातही सापडतो. वेष्टनावर ‘यूएसबी ३.०’ किंवा ‘३.२ जेन १’ असे छापलेले असते. ही दोन्ही नावे एकाच वेगाची, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिटची आहेत. पण हा वेग जोडणीचा आहे, आतल्या मेमरी चिपचा नव्हे. रुंद रस्त्यावर बैलगाडी आणली म्हणून ती धावू लागत नाही, तसाच हा प्रकार.

वेष्टनावर ‘१०० एमबीपर्यंत’ असा आकडा असेल, तर तो बहुधा फाइल वाचण्याचा असतो. फाइल लिहिण्याचा वेग अनेकदा छापलेलाच नसतो आणि खरी गोम तिथेच आहे. लग्नाचे १६ जीबीचे चित्रीकरण सेकंदाला ८ एमबी वेगाने लिहिणाऱ्या ड्राइव्हवर उतरवण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतात. ८० एमबीचा वेग असेल, तर साडेतीन मिनिटांत काम होते. हजारो लहान छायाचित्रे एकदम कॉपी करताना तर हा वेग आणखी खाली येतो. ३२ जीबीचा ड्राइव्ह संगणकावर २९.८ जीबीचा दिसतो, याबद्दल ग्राहक हटकून तक्रार करतात. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

खरी फसवणूक वेगळीच असते. शे-दोनशे रुपयांत एक-दोन टीबीचे ड्राइव्ह विकले जातात, तेव्हा कंट्रोलरच्या प्रणालीत फेरफार करून लहान चिप मोठी असल्याचे भासवलेले असते. मूळ क्षमता संपेपर्यंत सारे सुरळीत चालते. त्यानंतर फाइलची नावे दिसतात, पण फाइल उघडत नाहीत. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणला काय किंवा घरबसल्या ऑनलाइन मागवला काय, नवा ड्राइव्ह ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ यांसारख्या मोफत प्रोग्रॅमने आधी पूर्ण भरून तपासणे शहाणपणाचे. रात्रभर वेळ लागला तरी चालेल.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा. झेरॉक्सच्या दुकानातील एकाच संगणकाला दिवसभरात कित्येक अनोळखी ड्राइव्ह जोडले जातात. एकाचा संसर्ग दुसऱ्याकडे जायला याहून सोयीचे ठिकाण नाही. ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही बंद केली. तरीही खऱ्या फोल्डरच्या जागी बनावट ‘शॉर्टकट’ ठेवणारे व्हायरस टिकून आहेत. हा धोका विद्यार्थ्यांपुरता नाही. अमेरिकेच्या लष्कराने २००८ मध्ये अशाच संसर्गामुळे पेन ड्राइव्ह वापरण्यास बंदी घातली होती. इराणच्या नतांझ येथील अणुप्रकल्पाला लक्ष्य करणारा आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ही यूएसबी ड्राइव्हमार्फत पसरणारा होता.

यावर उपाय थोडेथोडके नाहीत. मुख्यालय पुण्यातच असलेल्या ‘सी-डॅक’ने विकसित केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन केंद्राच्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत २०१७ पासून उपलब्ध करण्यात आले. त्याहून सोपी सवय म्हणजे छपाईसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवणे आणि त्यात फक्त छापायची फाइल नेणे. प्रत्यक्षात त्याच ड्राइव्हमध्ये आधार, पॅन कार्ड आणि बँकेची विवरणपत्रेही असतात. ‘डिलीट’ केल्याने ती पुसली जातात हा समज चुकीचा आहे. साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमनेही त्यातील बरेच काही परत मिळवता येते. खासगी कागदपत्रांसाठी ‘बिटलॉकर’ किंवा मोफत मिळणाऱ्या ‘व्हेराक्रिप्ट’चे कुलूप लावता येते. मात्र, पासवर्ड विसरल्यास मालकालाही आत प्रवेश मिळणे कठीण होऊ शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

राहता राहिला किमतीचा मुद्दा. नामांकित कंपन्या पाच वर्षांची वॉरंटी देतात, पण ती ड्राइव्ह बदलून देण्याची असते. आतली माहिती गेल्यास तिची जबाबदारी कोणी घेत नाही आणि ती परत मिळवण्याचा खर्च ड्राइव्हच्या कित्येक पट होतो. शिवाय फ्लॅश मेमरीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते व वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार क्षीण होतो. मुलांच्या बारशाची छायाचित्रे एकट्या पेन ड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे होय. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर हवीच.

खरेदी करताना वेष्टनावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आहे का, हे पाहावे. कायद्याने ते छापणे बंधनकारक आहे. विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी हाती बिल मात्र हवे, आणि रस्त्यावरच्या स्टॉलवर ते मागणारा ग्राहक विरळाच.