रात्री वाचावे, सकाळी तपासावे

निवासी लेखन शिबिरात दिवसभर व्याख्याने होतात, पण नवोदितांचे लक्ष लागलेले असते ते रात्रीच्या बैठकीकडे. जेवणे आटोपली की सतरंजीवर गोल करून बसायचे, वहीतली कविता किंवा अर्धवट कथा वाचायची आणि तिथल्या तिथे मते ऐकायची. बारा वाजून जातात, तरी यादीत नावे उरलेलीच असतात.

ही बैठक बंद करावी, असे मला मुळीच वाटत नाही. दिवसा व्यासपीठासमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो रात्री वाचतो. लिहिणाऱ्याला ऐकणारा माणूस लागतोच. ऑक्सफर्डला सी. एस. लुईस यांच्या कॉलेजमधल्या खोलीत गुरुवारी रात्री ‘इंकलिंग्ज’ हे मित्रमंडळ जमे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणे टोल्किन यांनी तिथे वाचली. लुईस यांनी धीर दिला नसता तर हे पुस्तक पुरे झाले नसते, असे टोल्किन यांनीच नंतर सांगितले. पण याच मंडळातल्या ह्यूगो डायसन यांना ते वाचन इतके नकोसे झाले, की ते हजर असले की टोल्किन वाचेनासे झाले. टोल्किन तोवर मुरलेले प्राध्यापक होते, ते लिहीत राहिले. पहिलीच कथा घेऊन आलेली विशीतली मुलगी लिहीत राहीलच, याची खात्री कोण देणार?

माझा आक्षेप आहे तो मध्यरात्रीच्या चिकित्सेला. दमलेला श्रोता एकतर ‘छान’ म्हणून मोकळा होतो, नाहीतर हशा मिळेल असा शेरा मारतो. शिवाय एकदाच ऐकलेल्या कथेतून कानावर पडतो तो वाचणाऱ्याचा आवाज. भरदार आवाजात सुमार कथा तरून जाते आणि अडखळत वाचलेली चांगली कथा मार खाते. अमेरिकेत आयोवाला 1936 मध्ये सुरू झालेल्या कार्यशाळेची रूढ पद्धत अशी, की लेखन आधी सर्वांच्या हाती पडते आणि चर्चा चालू असताना लेखक गप्प राहतो. ही शिस्त कठोर आहे, पण निदान मजकूर समोर असतो. आपल्याकडे ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक लेखकाला पत्राने सूचना कळवत. राग शांत झाल्यावर ते पत्र पुन्हा वाचता येई, हा त्याचा मोठा गुण.

आणखी एक गोष्ट शिबिरांत सहसा लक्षात येत नाही, पण शहरातल्या बैठकांत उघड दिसते. रात्री उशिरा थांबू शकतो कोण? घरी लहान मूल असलेली बाई नाही, शेवटची लोकल गाठायची असलेला मुलगाही नाही. ‘इंकलिंग्ज’मध्ये सगळे पुरुषच होते. उलट पुण्यात 1923 मध्ये स्थापन झालेले कवींचे रविकिरण मंडळ रविवारी चहाला जमे, आणि त्यात कवयित्री मनोरमाबाई रानडे होत्या.

म्हणून शिबिरे आणि अशा बैठका चालवणाऱ्यांना विनंती आहे. वाचन रात्रीच ठेवा, पण ज्यांना घरी परतायचे आहे त्यांना आधी वाचू द्या आणि अकराला थांबा. त्या रात्री श्रोत्यांनी एवढेच सांगावे, की काय मनात राहिले आणि कुठे लक्ष सुटले. मग लेखनाच्या प्रती वाटा, आणि दोष काढायचे ते सकाळच्या चहानंतर, कागद हातात घेऊन काढा.