पक्षी बघायला बाईनं हिमालयात का जाऊ नये?

बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. माहेर, बाळंतपण, दवाखाना, देव. त्यात आपल्या चळवळीनं मोर्चा आणि शिबिर ही दोन कारणं वाढवली, बचत गटांनी बँक आणि अभ्यासदौरा वाढवला. पण 'पक्षी बघायला जाते' हे कारण अजून कुणी मान्य केलेलं नाही. घरच्यांचं सोडा, आपल्याच बैठकीत कुणी म्हणेल, "पक्षी बघूक हिमालयात? हय कावळे नाय?" आणि दुसरी गंभीरपणे म्हणेल, एवढे प्रश्न पडलेले असताना ही चैन कशाला?

या दुसरीशी मला वाद घालायचा आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या बायका पर्यटकांसाठी मासे तळताहेत, चादरी धूताहेत. दुसऱ्याची सुट्टी हा आपला रोजगार झाला. त्यात चांगलं कामही झालं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बायका २०१७ पासून होडी वल्हवत पाहुण्यांना तिवरांचं जंगल दाखवतात, खंड्या आणि बगळे दाखवतात. पण पाहुण्यांना पक्षी दाखवणारी बाई स्वतः पाहुणी होऊन कुठे कधी जाते, हा प्रश्न कुठल्याही पर्यटन आराखड्यात नसतो. सुट्टी ही बाईची गरज आहे, हे आपणही मागण्यांच्या यादीत कधी नीट लिहिलेलं नाही.

आणि पक्ष्यांचं ज्ञान आपल्याला बाहेरून आणायचं नाही. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो ते कुणाला सांगावं लागतं? कुकुडकोंबा कुठल्या कुंपणात आहे ते न बघता आवाजावरून ओळखणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना कुणी पक्षीनिरीक्षक म्हणत नाही, कारण त्या वेळी त्यांच्या डोक्यावर लाकडाची मोळी असते.

मग हिमालयात कुठे? माझं मत सरमोलीचं. उत्तराखंडात पिथौरागड जिल्ह्यात, मुन्स्यारीला लागून हे गाव आहे. उंची सुमारे २,२०० मीटर, समोर पंचाचूलीची शिखरं. दारू आणि घरातली मारहाण यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या बायकांची 'माटी संघटन' ही तिथली संघटना. मल्लिका विर्दी या तिच्यातल्या कार्यकर्त्या, पुढे गावाच्या वनपंचायतीच्या सरपंच झाल्या. २००४ पासून तिथल्या बायका आपल्याच घरात पाहुणे ठेवतात, जंगलात वाटाड्याचं काम करतात आणि कमाईतला काही वाटा जंगल राखण्यासाठी देतात. २०२३ साली केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने सरमोलीला सर्वोत्तम पर्यटन गाव ठरवलं. आपण दिलेला पैसा कुणा हॉटेलमालकाकडे न जाता आपल्यासारख्याच बाईच्या हातात पडेल. शिवाय जंगल म्हणजे वनखात्याचं, ही आपली सवयीची समजूतही जरा हलेल. कुमाऊंत वनपंचायती १९३० च्या दशकापासून आहेत. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, त्याला मच्छीमारांनी विरोध का केला, ते तिथे बसून बोलावं.

खरी अडचण हंगामाची. जाणकार म्हणतात, पक्ष्यांसाठी एप्रिल-मे उत्तम. त्या महिन्यांत आपल्याकडे काजू, आंबा, कोकम आणि वर घरभर पाहुणे! पावसात तिकडे दरडी कोसळतात आणि इकडे लावणी. ऑक्टोबरात भातकापणी, मग दिवाळीचे पर्यटक, मग नाताळचे. उत्तम हंगाम कोणता हे मेमध्ये मोकळं असणाऱ्यांनी ठरवलेलं आहे. आपल्याला उरतात ते नोव्हेंबरच्या अखेरचे आणि डिसेंबरच्या सुरुवातीचे दिवस. थंडी कडाक्याची असेल, पण त्याच थंडीनं वरच्या रानातले पक्षी खाली उतरतात, मोनालसुद्धा. तेव्हा आपला हंगाम अगदीच वाईट नाही.

कोकण रेल्वेनं दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीनं काठगोदाम, पुढे घाटाचा रस्ता, वाटेत एक मुक्काम. जाऊन येऊन आठ दिवस प्रवासात जातील, राहायला चार-पाच. म्हणजे बारा-तेरा दिवस बाई घरात नाही. तिकिटाच्या पैशापेक्षा हाच आकडा घरात जास्त बोचणार आहे. दुर्बीण दोघींत एक पुरते. गरम कपडे उसने मिळतात. बारा दिवस कुणी उसने देत नाही.

म्हणून गटानं नुसता खर्च मंजूर करून भागणार नाही. जाणाऱ्या बाईची गाय कोण पिळणार, सासूची औषधं कोण देणार, मुलांचे डबे कोण करणार, हे नावानिशी ठरावात लिहावं. त्यात नवऱ्याचं नाव आधी यावं, शेजारणीचं नंतर. नाहीतर एकीची सुट्टी म्हणजे दुसरीची दुप्पट राबणूक. आणि याला 'अभ्यासदौरा' म्हणायचा मोह आवरावा. लोणच्याचा कारखाना बघायला गेलं की पैसे मिळतात, हे मला माहीत आहे. तरीही हिशोबाच्या वहीत स्वच्छ लिहावं: पक्षी पाहण्यासाठी प्रवास.

पहिल्या खेपेला आठ जणी पुरेत. नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत, आणि ज्या पदाधिकारी आजवर दिल्ली-मुंबईच्या परिषदांना जाऊन आल्या, त्यांच्या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी टाकाव्यात.