आरोग्य संवाद : पाठीच्या कण्यातील गाठ, वेळ गमावू नका

आपल्या वस्त्यांत पाठदुखी नाही असे घर सापडणे कठीण. मार्केट यार्डात पोती वाहणारा बाप, चार घरची धुणीभांडी करणारी आई, बांधकामावर पाट्या उचलणारी बहीण, सगळ्यांचीच पाठ दुखते. बहुतेक वेळा हे दुखणे स्नायूंचे असते व विश्रांतीने, व्यायामाने कमी होते. तेव्हा घाबरून जाऊ नये. परंतु थोड्या रुग्णांत मणक्यात किंवा मज्जारज्जूजवळ गाठ वाढत असते. ती वेळीच ओळखली नाही, तर चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो.

आपल्या कण्यात ३३ मणके असतात : मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५ आणि खालचे ९ एकमेकांस जुळलेले. त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा मज्जारज्जू जातो. हातापायांची हालचाल, स्पर्श, लघवी-शौचावरचा ताबा, सर्व त्याच्यावर अवलंबून. पोकळी अरुंद असल्याने लहान गाठही त्याला दाबते.

सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. मज्जारज्जूच्या आवरणातून किंवा नसेवरून वाढणाऱ्या अनेक गाठी साध्या असतात व काढल्यावर रुग्ण बरा होतो. मणक्याच्या हाडातील कॅन्सर मात्र बहुधा स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा दुसऱ्या अवयवातून आलेला असतो. आपल्याकडे मणक्याचा टीबीही असाच दिसतो. म्हणून एमआरआयनंतर अनेकदा सुईने तुकडा काढून तपासतात. टीबी निघाला तर बहुतेकांना गोळ्या पुरतात, आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

मज्जारज्जूवरील गाठ यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी केली. पाय लुळे पडलेला त्यांचा रुग्ण पुन्हा चालू लागला. आज सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सोडवतात. मणकाच पोखरला असेल तर तो काढून त्या जागी टायटॅनियमचा पिंजरा किंवा रुग्णाच्या कमरेचे हाड बसवतात आणि वरखालचे मणके स्क्रू व सळ्यांनी जोडतात. कणा पुन्हा भार पेलू लागतो. कॅन्सर असेल तर पुढे किरणोपचार व औषधे लागतात.

मज्जारज्जूवर एकाच ठिकाणी कॅन्सरचा दाब असलेल्या रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या किरणोपचारांनंतर शंभरांतील ५७ जण चालू शकले. आधी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ८४. मात्र शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे धोके असतात व ती प्रत्येकाला योग्य नसते. डॉक्टरांना सर्व प्रश्न विचारावेत. एक गोष्ट पक्की : पायांत ताकद असतानाच आलेला रुग्ण चालत घरी जाण्याची शक्यता जास्त. पाय पूर्ण लुळे पडून दिवस लोटले, तर ताकद परतणे अवघड.

म्हणून ही लक्षणे ध्यानात ठेवा : रात्री झोपेतून उठवणारी, आडवे होऊनही न थांबणारी पाठदुखी, कारण नसताना घटणारे वजन, बारीक ताप, पूर्वी झालेला कॅन्सर. पाय लटपटू लागले, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. पाठ तुडवून घेऊ नका, मणका बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि अंगारा, गंडा, उतारा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात म्हटल्या जातात, तेथे याला थारा नसावा. जीवकाने राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया केल्याची कथा महावग्गात आहे. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः आनंदासह स्नान घातले, हेही तेथेच. उपचार आणि शुश्रूषा हाच आपला वारसा.

खर्चाच्या धास्तीनेही अनेकजण घरी बसतात. पुण्यात १८६७ पासूनचे ससून रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मज्जासंस्थेच्या व कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. तो मागायला विहारातील एखादा शिकलेला तरुण सोबत गेला, तर तीही धम्मसेवाच.

जयभीम!