शून्य अपघातांचा हिशेब

इ. स. २०४७ पर्यंत अणुवीजनिर्मितीची क्षमता १०० गिगावॅटवर नेण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केला. तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. तेव्हापासून महाराष्ट्राचा ह्या उद्योगाशी निकटचा संबंध आहे. केंद्रे वाढतील तसे तेथे राबणारे हातही वाढतील. ते सुरक्षित आहेत हे कोणत्या मापाने ठरवावयाचे, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसण्याजोगा खास नाही.

किरणोत्साराची मोजदाद ह्या उद्योगात कसोशीने होते. कामगाराच्या अंगावर मापक असते, आणि त्याला पोहोचणाऱ्या मात्रेस आपल्याकडे पाच वर्षांत १०० व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. दुसरे प्रचलित माप म्हणजे ठरावीक श्रमतासांमागे कामगाराला घरी बसावे लागेल असे किती अपघात घडले, ह्याचे. दोन्ही मापे आवश्यक आहेत. परंतु ती पुरेशी आहेत काय?

जपानमधील मिहामा केंद्राचे उत्तर नकारार्थी आहे. ९ ऑगस्ट २००४ रोजी तेथे एक नळ फुटला आणि उकळत्या वाफेने पाच कामगारांचा बळी घेतला. त्या वाफेत किरणोत्सार नव्हता. दहा मिलिमीटर जाडीचा तो नळ झिजून काही ठिकाणी दीड मिलिमीटरहूनही पातळ झाला होता. आणि ती अणुभट्टी १९७६ मध्ये सुरू झाल्यापासून त्या जागेची एकदाही तपासणी झाली नव्हती. तपासणीच्या यादीतूनच ती निसटली होती! शिवाय मृत कामगार ठेकेदाराचे होते. केवळ कंपनीच्या नोकरांचीच गणती केली असती, तर त्या दिवशीही अपघातांच्या रकान्यात शून्यच पडले असते.

अपघात झाला नाही ह्याचा अर्थ तो टळला असा नव्हे. कदाचित तो अद्याप व्हावयाचा असेल. म्हणून किती तपासण्या थकल्या, थोडक्यात टळलेल्या किती घटना कामगारांनी कळविल्या, आणि त्यांवर किती दिवसांत इलाज झाला, ह्यांचीही नोंद हवी. अशा तक्रारी वाढल्या तर व्यवस्थापनाने कपाळाला आठ्या घालू नयेत. माणसे निर्भयपणे बोलतात, हेच त्यावरून दिसते. उलट, शून्याला बक्षीस लावले की जखमा लपविल्या जातात.

झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. परंतु अणुकेंद्राच्या बाबतीत ती मूठ उघडीच हवी. ठेकेदारांच्या कामगारांसह हा सर्व हिशेब केंद्रवार आणि नियमितपणे जनतेसमोर मांडला जावा, अशी आमची मागणी आहे.