आधी लेंडी तपासा, मग औषध पाजा!

पावसाळा तोंडावर आला की जंतनाशकाची शिबिरे भरतात. बाटल्या वाटल्या जातात, फोटो निघतात, लाभार्थ्यांचे आकडे फुगतात. मेंढी किती किलोची, पोटात जंत कोणता, मागचे औषध लागू पडले की नाही, याची विचारपूस कुठे होते? वजन न करता, लेंडी न तपासता अख्खा कळप सरसकट पाजणे याला आम्ही उपचार म्हणणार नाही. हा गरिबाच्या धनाशी चाललेला खेळ आहे आणि तो ताबडतोब थांबला पाहिजे!

गाठ साध्या जंताशी नाही. मेंढीच्या चौथ्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमोंकस या जंताची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. बघता बघता मेंढीची पापणी आतून पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाणी उतरते, दूध आटते आणि कोकरू उपाशी मरते.

या जंताशी लढायला औषधांचे मोजकेच गट आहेत आणि तेही आपण हाताने बोथट करत आहोत. थायाबेंडाझोल हे जंतनाशक 1961 मध्ये आले. 1964 मध्येच अमेरिकेत त्याला न जुमानणारे जंत सापडले. भारतातही 1976 मध्ये तशी नोंद झाली. तरी आम्ही अंदाजानेच ओततो! 35 किलोच्या मेंढीला 20 किलोचा डोस गेला की दुबळे जंत मरतात, दांडगे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. मेंढपाळांच्या वाड्यावर शेळ्याही असतात. शेळीच्या अंगात औषध लवकर संपते. मेंढीचा डोस तिला अपुरा पडतो.

आणि दुधाचे काय? वाड्यावरच्या पोरांच्या तोंडी हेच दूध जाते. औषधानंतर ते किती दिवस वापरायचे नाही, हे मेंढपाळाला कोण सांगणार? गाभणीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक पाजले तर कोकरू व्यंग घेऊन जन्मू शकते, हे कोण सांगणार?

आमच्या भोपाळात राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. बर्ड फ्लूचे नमुने देशभरातून इथे येतात. अभिमान आहेच! पण मारवाडातून मध्य प्रदेशात उतरलेल्या राईका मेंढपाळाने भोपाळच्या बाग सेवनियाच्या वेशीवर मूठभर लेंड्या हातात घेऊन कुणाचे दार ठोठावायचे? 2019 मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी 13,343 कोटी रुपये मंजूर केले, योग्यच केले. लेंडीच्या तपासणीला तर मिठाचे दाट पाणी, मोजणीची काच आणि एक सूक्ष्मदर्शक पुरतो. लेंडी कुस्करून त्या पाण्यात कालवली की अंडी वर तरंगतात, ती मोजायची. औषधानंतर 10 ते 14 दिवसांनी पुन्हा मोजायची. घट 95 टक्क्यांच्या खाली राहिली, तर ते औषध कुचकामी ठरत चालले आहे. एवढ्यालाही पैसा नाही, असे कुणी आम्हाला सांगू नये!

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंडीची तपासणी मोफत करा. पापणीच्या आतला रंग पाहून औषधाची गरज असलेली मेंढी निवडण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेने घालून दिली आहे. ती प्रत्येक मेंढपाळाला शिकवा. भटक्यांच्या वाड्यावर तपासणी घेऊन जा. आणि ज्या शिबिरात वजनकाटा नाही, त्या शिबिराचे एका पैशाचेही बिल मंजूर करू नका!