मुद्द्यांचा विस्तार आणि चौकटींमधली कोरी जागा

मराठीच्या शालेय प्रश्नपत्रिकेतील कथालेखनाचा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. चारसहा मुद्दे द्यायचे, त्यांच्यामध्ये आडव्या रेघा ओढायच्या आणि विस्तार करून कथा लिहा, शीर्षक द्या, तात्पर्य सांगा, असे फर्मावायचे. अलीकडे मुद्द्यांऐवजी कधी कथेची सुरुवात देतात, एवढाच फरक. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाला लेखनाविषयी जे प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळते ते बहुधा येथेच सुरू होते आणि येथेच संपते. या प्रश्नात गृहीत धरलेली कथेची कल्पना मात्र मुळातच उफराटी आहे. मुद्दे फुगवून कथा होत नसते. काय सांगायचे नाही हे ठरल्यावर ती आकाराला येते. हे वगळणे मूल ज्या वाचनातून सर्वप्रथम आणि स्वखुशीने शिकते त्या कॉमिक्सना मराठीच्या वर्गात मज्जाव आहे, आणि मराठी समीक्षेला त्यांची दखल घेणे अप्रतिष्ठेचे वाटत आले आहे.

मराठीत लेखनमार्गदर्शनाची परंपरा नाही असे नाही. ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून लेखनाच्या कारागिरीची उघड चर्चा केली. पुढे ते तंत्र साच्यात अडकले आणि त्याची यथेच्छ चेष्टा झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु मर्ढेकरांनी १९४१ मध्ये ‘वाङ्मयीन महात्मते’त आत्मनिष्ठेची कसोटी मांडल्यानंतर समीक्षेने तंत्रवादाबरोबर कारागिरीचा विचारच मोडीत काढला. आत्मनिष्ठ लेखकानेही पहिल्या वाक्यानंतर दुसरे कोणते लिहावे, हा प्रश्न विद्वानांना हलका वाटू लागला. तो मग गाईड छापणाऱ्यांच्या वाट्याला गेला. लेखन-कार्यशाळांतून हमखास ऐकू येणारे ‘भरपूर वाचा’, ‘अनुभवाशी प्रामाणिक राहा’ हे उपदेश त्याच पोकळीत वाढलेले आहेत. त्यांना चूक म्हणता येत नाही, हीच त्यांची अडचण आहे.

कॉमिक्सवरचा जुना आक्षेप असा की, सारे काही चित्रात दिसत असल्याने वाचकाची कल्पनाशक्ती पंगू होते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कॉमिक्स वाचलेली नसावीत. १९६४ साली सुरू होऊन १९९० पर्यंत चाललेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळ मराठी मुलांनीही आवडीने वाचला. ली फॉकच्या या नायकाच्या कथेत एका चौकटीत उगारलेली मूठ दिसावी आणि पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेल्या चोराच्या जबड्यावर कवटीची खूण. ठोसा दोहोंच्या मधल्या कोऱ्या पट्टीत बसलेला असतो, आणि तो वाचकाने मारलेला असतो. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराने १९९३ मध्ये या कोऱ्या पट्टीचीच मीमांसा केली. मराठी कथनमीमांसेने परदेशी सिद्धान्तांचे एवढे ओझे वाहिले. हा एक जिन्नस तेवढा वाटेत गळाला.

आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा अधिक नुकसान कॉमिक्सच्या कैवाऱ्यांनी केले आहे. त्यांना कॉमिक्स हवीत ती संस्कारांसाठी, इतिहास सोपा करण्यासाठी, मुलांना ‘खऱ्या’ पुस्तकांकडे वळवण्यासाठी. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’ या भूमिकेचे यशस्वी उदाहरण होय. प्रताप मुळीक, राम वाईरकर यांच्यासारखे समर्थ चित्रकार तिला लाभले; पण चित्र जे सांगते आहे तेच वरच्या पिवळट पट्टीत पुन्हा सांगण्याची शिक्षकी खोड तिला पुष्कळदा आवरली नाही. म्हणजे पुन्हा मुद्द्यांचा विस्तारच. याच मालिकेत १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवरील पुस्तक निघाले. त्याच्याशेजारी दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचे २०११ सालचे ‘भीमायन’ ठेवून पाहावे. तेथे मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. विखारी बोलण्याच्या आकाराला विंचवाची नांगी असते. ‘तो कुत्सितपणे म्हणाला’ असे लिहिण्याची सवय जडलेल्या कथालेखकाने त्या नांगीकडे नीट पाहावे. गद्यात तसा आकार काढता येत नाही. म्हणून विष क्रियाविशेषणात न ठेवता बोलण्यातच उतरवावे लागते. आनंदासाठी वाचणाराच अशा पानावर रेंगाळतो आणि ते पुन्हा उघडतो. संस्कारासाठी वाचणारा तात्पर्य हाती येताच पुस्तक मिटतो.

चित्रांनी गोष्ट सांगणे ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे, हाही एक लाडका समज. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने गात आले. त्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांची पार्श्वभूमी बव्हंशी कोरी असते, कारण तिथले अरण्य गाणाऱ्याच्या आवाजात उभे राहायचे असते. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख येतो. तो ग्रंथ रचणाऱ्या सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लोहाऱ्याच्या पूर्वेला, उमरग्यापलीकडे कर्नाटकात आहे. पद्मश्रीच्या वेळी चित्रकथीचे गोडवे गाणारे आणि बाकाखाली सापडलेले कॉमिक जप्त करणारे पुष्कळदा एकाच शिक्षकखोलीत बसतात.

हा वाद लोहाऱ्यात केवळ अभिरुचीचा राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात या परिसरातील सास्तूरसारखी गावे कोसळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर आला. आज शाळेत असलेल्या मुलांच्या आजी-आजोबांनी ती रात्र पाहिलेली आहे. आणि या मुलांच्या हाती निबंधाच्या पुस्तकात येते ‘भूकंपग्रस्ताचे मनोगत’! निसर्गाचे रौद्र रूप, क्षणार्धात होत्याचे नव्हते, मदतीचा ओघ, माणुसकीचा विजय. ज्या घरातील माणसे गेली त्या घरातील मुलाने ही वाक्ये पाठ करायची, आणि आजीने सांगितलेले मात्र घरगुती म्हणून बाजूला ठेवायचे.

कॉमिक्स मन लावून वाचलेल्या मुलाला याच प्रसंगाच्या दोन चौकटी सुचतील. पहिलीत रात्र: विसर्जनाहून परतलेली माणसे, खुंटीला अडकवलेला ढोल, उंबऱ्यावर सांडलेला गुलाल. दुसरीत सकाळ: मातीचा ढीग, आणि त्यातून वर आलेली ढोलाची कडा. मधल्या कोऱ्या पट्टीत तीन वाजून छप्पन्न मिनिटे. या दोन चौकटी त्याने शब्दांत उतरवल्या, तर त्यात भूकंप हा शब्दही येणार नाही. अशा उत्तराखाली ‘मुद्दे सुटले आहेत’ असा लाल शाईचा शेरा पडेल आणि गुण कापले जातील.